प्रयोग संपतो, तबकडी उरते



‘साउथ पॅसिफिक’ या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकाचं मूळ संचातल्या कलाकारांनी केलेलं ध्वनिमुद्रण हा माझा आजचा विषय. असं ध्वनिमुद्रण म्हणजे प्रयोगाची नुसती आठवण नव्हे, तर त्या कथेचा नवा जन्म असतो, असं मी मानतो.

या नाटकाच्या मूळ कथा जेम्स मिचनर यांच्या. ते दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलात होते. प्रशांत महासागरातल्या बेटांवर जे पाहिलं, त्यावर त्यांनी ‘टेल्स ऑफ द साउथ पॅसिफिक’ हा कथासंग्रह लिहिला. तो १९४७ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. ऑस्कर हॅमरस्टाइन आणि जोशुआ लोगन यांनी त्यातल्या प्रामुख्याने दोन प्रेमकथा गुंफून नाटक रचलं. एक अमेरिकन नर्स नेली आणि फ्रेंच मळेवाला एमिल यांची, दुसरी लेफ्टनंट केबल आणि टॉन्किनी मुलगी लिआत यांची. कथेतल्या एमिलला आठ मुली आहेत. नाटकात त्याच्या दिवंगत पॉलिनेशियन पत्नीची दोनच मुलं आली. नेलीचा पेच मात्र तसाच राहिला. तिचं एमिलवर प्रेम आहे, पण त्याच्या घरातला दुसरा वंश तिच्या मनाला पचत नाही.

नाटक ७ एप्रिल १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅजेस्टिक थिएटरात आलं आणि त्याच महिन्यात कोलंबिया कंपनीने गाणी मुद्रित केली. याच कंपनीने वर्षभरापूर्वी एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, बाजारात आणली होती. त्याआधीची तबकडी म्हणजे एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं. त्याची झळ आपल्या नाट्यसंगीतालाही बसली. वन्समोअर घेत रंगणारी बालगंधर्वांची पदं तबकडीवर तेवढ्याच वेळात आटोपावी लागत. एलपीवर मात्र नाटकातली गाणी ओळीने ऐकता येऊ लागली. ‘साउथ पॅसिफिक’ची तबकडी ‘बिलबोर्ड’च्या यादीत ६९ आठवडे पहिली होती. नाटकाचं तिकीट ज्यांना कधीच मिळणार नव्हतं, त्यांच्या घरी नाटक पोहोचलं.

त्यातली एक जागा मुद्दाम ऐका. एमिलची भूमिका मेट्रोपॉलिटन ऑपेराचे एझिओ पिंझा यांची. त्या भरदार खर्जापुढे आपला आवाज कसा टिकणार, ही नेली झालेल्या मेरी मार्टिन यांची धास्ती. म्हणून संगीतकार रिचर्ड रॉजर्स यांनी दोघांना एकत्र गायलाच लावलं नाही. एका गाण्यात दोघं आळीपाळीने आपापल्या मनातलं गातात. शब्द थांबल्यावर वाद्यवृंद उसळतो आणि जे दोघं एकमेकांशी बोलू शकले नाहीत, ते वाद्यं सांगतात. डोळ्यांसमोर काहीही नसताना ही जागा अधिकच भिडते.

काही गोष्टी तबकडीवर येत नाहीत, हेही खरं. मेरी मार्टिन एका गाण्यात प्रत्येक प्रयोगाला रंगमंचावर खरोखर केस धुवायच्या. आपल्याला फक्त त्यांचा आवाज ऐकू येतो. संवाद गेले, की पात्रांच्या मनातले बदलही एकदम झाल्यासारखे वाटतात. म्हणून तबकडी ऐकून झाली, की मूळ कथा जरूर वाचा.

आणखी एक गाणं. द्वेष जन्मजात नसतो, तो लहानपणी मुलांना शिकवला जातो, असं ते सांगतं. ते वगळा, असा आग्रह झाला; रॉजर्स आणि हॅमरस्टाइन बधले नाहीत. तबकडीवरही ते आहे. अमेरिकेत अनेक ठिकाणी वंशभेद कायद्याने पाळला जाई त्या काळात ते असं घरोघरी वाजलं, याचं मोल मला फार वाटतं.

म्हणूनच आपल्या नाट्यमंडळाला माझी कळकळीची विनंती आहे. तुम्ही महिनोन्‌महिने तालमी करून नाटकं बसवता. पुढचं संगीत नाटक बसवाल, तेव्हा कपडेपट आणि नेपथ्याच्या खर्चाशेजारी ध्वनिमुद्रणाचाही खर्च धरा. मोबाइलवरच्या तुकड्यांवर भागवू नका. संच जमलेला असतानाच चांगल्या स्टुडिओत गाणी मुद्रित करा आणि गायकांबरोबर ऑर्गन-तबल्याच्या साथीदारांचीही नावं नोंदवा. आपल्या मुलांना आपलं नाट्यसंगीत आपल्याच माणसांच्या आवाजात ऐकायला मिळालं पाहिजे.