'ठाण्याला न्या याला!'



कोणी गप्प गप्प राहू लागलं, एकटंच पुटपुटताना दिसलं, की आपल्याकडे हमखास कोणीतरी म्हणतं, 'याला ठाण्याला न्यायला पाहिजे!' ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं; थट्टाही बहुधा तितकीच जुनी. रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या पाचाडच्या दहावीतल्या पोराला ती पाठ असते. म्हणूनच रात्ररात्र झोप लागत नाही, हे तो कोणाला सांगत नाही. घरी कळलं तर आधी नारळ उतरवणार. मुलगी असेल तर 'पुढे लग्न कसं जमायचं?' हा घोर.

आता गंमत बघा. त्याच ठाण्यात 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. तिचं 'आवाहन' हे यूट्यूब चॅनल मराठीत मनाविषयी बोलतं, आणि रेंज असेल तेव्हा ते रायगडाच्या पायथ्यालाही पोचतं. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने 2017 मध्ये 'इट्स ओके टू टॉक' ही मोहीम काढली. तिच्यात तरुण मुलं स्वतःची गोष्ट स्वतः सांगतात. मला ही रीत पटते. 2022 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानेही जगभरचे अभ्यास तपासून हेच म्हटलं: आजार भोगलेल्या माणसाची गाठ पडली, समोर किंवा पडद्यावर, की मनातली अढी सगळ्यात जास्त सुटते. 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, फिरणारी डोकं धरून बसलेल्या माणसाची चित्रं कोणाची अढी सोडवतात, देव जाणे!

पण एक अडचण शहरातल्या मोहीमवाल्यांच्या लक्षात येत नाही. खेड्यात पुष्कळ घरांत चांगला मोबाईल एकच, तोही वडिलांचा नाहीतर दादाचा. काय पाहिलं ते त्यात उरतं. 'आपली गोष्ट शेअर करा' म्हटलं, तर पोरगी कुठल्या नावाने करणार? महाडच्या कॉलेजात सोमवारी चर्चा व्हायची! त्यापेक्षा असा व्हिडिओ सरांनी वर्गातच लावावा. सगळेच बघत असले की कोण कशासाठी बघतंय, हे विचारायला जागा राहत नाही.

महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली ती 22 जुलै 2021 ला. त्या पावसाची धास्ती एखाद्या मुलाच्या मनात अजून असेल, तर त्याला नुसता व्हिडिओ पुरणार नाही, माणूस लागेल. अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठायचं तर दिवस मोडतो. ऑक्टोबर 2022 पासून 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे: फुकट, चोवीस तास, मराठीतही, आणि बटणांच्या साध्या फोनवरून लागणारा. शिक्षकांना एवढंच सांगेन, व्हिडिओ संपला की हा नंबर फळ्यावर लिहा आणि पुढच्या तासाला पुसू नका.