व्हिडिओत मुंग्या का येतात?
(स्नेहसंमेलनातील भाषण)

गेल्या कोजागरीला चांदण्यासाठी टेरेसवरचे दिवे बंद केले होते, आठवतंय? दूध आटत होतं आणि बी विंगमधल्या आजींनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. सगळ्यांचे मोबाईल वर! आज आजी नाहीत. त्यांच्या मुलाने ते व्हिडिओ माझ्याकडे आणले, म्हणाले, "जरा साफ करून द्या." चेहऱ्यावर नुसत्या मुंग्या वळवळतायत. सॉफ्टवेअरने त्या पुसल्या, तर सुरकुत्याही गेल्या. आजी आजींसारख्या दिसेनात. मी हात टेकले.

अंधारात कॅमेरा आपोआप आयएसओ वाढवतो. त्याने उजेड वाढत नाही. आलेला क्षीण सिग्नल फुगतो आणि सोबत खरखरही. म्हणून आयएसओला हात सगळ्यात शेवटी. आधी दिवा. बाबूराव पेंटरांनी 1923 च्या 'सिंहगड'साठी कृत्रिम प्रकाश वापरला, तेव्हा कोल्हापूरकरांना हे मी काय सांगू! मग ॲपर्चर पूर्ण उघडा, एफ 3.5 ऐवजी 1.8 मिळालं, तर उजेड जवळजवळ चौपट. 25 फ्रेम, शटर 1/50. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर ट्यूबच्या पट्ट्याही येत नाहीत. 60 फ्रेमला शटर त्याहून वेगवान ठेवावंच लागतं, उजेड घटतो. मोबाईलवर मुख्य लेन्सच घ्या. झूम नको, दोन पावलं पुढं जावा की!

आणि यंदा कोजागरीला सगळे दिवे घालवू नका. चंद्र दिसतोय तेवढा दिसू दे. म्हणणाऱ्याच्या तोंडावर एक दिवा राहू द्या.