काम नसताना घराबाहेर

(वर्धा जिल्ह्यातील महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे, ‘वर्ध्याच्या आसपासच्या सायकलसहली’. विषय जाहीर झाला तेव्हा काही जणी हसल्या, ते मी पाहिलं. कालपासून आपण मजुरीवर बोललो, दारूबंदीच्या जिल्ह्यात गावोगाव मिळणाऱ्या दारूवर बोललो, नवऱ्याने टाकलेल्या बायांच्या पोटगीवर बोललो. आणि आता ही बाई आपल्याला डोंगर आणि धरण दाखवणार! पण या विषयाचा त्या सगळ्या विषयांशी संबंध आहे असं मला वाटतं. तो कसा, तेवढंच सांगते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सात जणी सायकलींवर बोर धरणाकडे निघालो होतो. सगळ्यात लहान अठरा वर्षांची, सगळ्यात मोठी मी, साठी ओलांडलेली. वाटेत एका नाक्यावर एका माणसाने आम्हाला थांबवलं. “कुठं निघाल्या? काही कार्यक्रम आहे का?” नाही म्हटलं. “दवाखाना?” नाही. “मग?” आमच्यातली एक म्हणाली, “धरण पाहायला.” त्याला ते पटेना. शेवटी त्याने विचारलं, “पण सोबत कोण हाये?” आम्ही सात जणी त्याच्यासमोर उभ्या होतो आणि तो विचारत होता, सोबत कोण आहे!

आम्ही हसलो आणि पुढे निघालो. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण तो त्या एका माणसाचा प्रश्न नाही. बाईने घराबाहेर पडायचं तर हातात कारण लागतं. दळण, पाणी, वावर, शाळा, दवाखाना, देऊळ. आता त्यात बचतगटाची बैठक आली. आपण कार्यकर्त्या स्वतःला मोकळ्या समजतो, पण आपल्यालाही मोर्चा लागतो, शिबिर लागतं. ‘वाटलं म्हणून गेले होते’ एवढं घरी येऊन सांगायची सोय तुमच्यापैकी किती जणींना आहे? हात वर करायला सांगत नाही. ज्याची त्याची मनात मोजणी होऊ द्या.

मी सायकल शिकले ती भावाच्या. दांडीची, माझ्यापेक्षा उंच. दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकले. गुडघे फुटले त्याचं कोणाला काही वाटलं नाही. पाळी आली तशी सायकल बंद झाली. पुन्हा हातात आली ती शिक्षिकेची नोकरी लागल्यावर, म्हणजे कारण मिळाल्यावर. बत्तीस वर्षं मी घर ते शाळा आणि शाळा ते घर सायकल चालवली. नोकरी संपली आणि एक दिवस लक्षात आलं, की या सायकलने मी डावीकडच्या रस्त्याला कधी वळलेच नाही.

म्हणून आम्ही वळायचं ठरवलं. आधी जवळची वाट घेतली. वर्ध्याहून सेवाग्राम आठ किलोमीटर, तिथून आतल्या रस्त्याने पवनार आणि परत वर्धा. वीस-पंचवीस किलोमीटरचा हा फेरा नवशिकीलाही एका सकाळीत होतो. पवनारहून येताना नागपूरचा मोठा रस्ता लागतो. तिथे ट्रक फार, म्हणून एकामागे एक चालायचं. सेवाग्रामला १९३६ साली गांधीजी राहायला आले. ती कुडाची, मातीची घरं आपण शाळेच्या सहलीत रांगेने पाहिली आहेत. पण बाईंनी ‘चला, चला’ न म्हणता तिथल्या झाडाखाली अर्धा तास नुसतं बसणं निराळं.

पवनारला धाम नदी आहे, काठच्या टेकाडावर विनोबांचा आश्रम आहे. १९५९ साली त्यांनी तिथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथल्या बहिणी शेती, स्वयंपाक, सफाई स्वतः करतात आणि निर्णय सर्वसंमतीने घेतात. त्यांचा ब्रह्मचर्याचा मार्ग आपल्या सगळ्यांचा नाही. त्यावर आपल्यात वाद आहेत आणि ते असावेत. पण विनोबांच्याच प्रेरणेने १९६७ साली चार स्त्रिया पायी निघाल्या आणि बारा वर्षं देशभर चालल्या. हे माझ्या घरापासून इतक्या जवळचं, आणि मला साठीत कळलं. धामच्या खडकांवर बसून आम्ही डबे सोडले तेव्हा एक जण म्हणाली, “त्यांना देशाचं काम होतं. आपल्याला तर तेही नाही.” मी म्हटलं, “म्हणून तर आपण आलो.”

दुसरी वाट बोरची. वर्ध्याहून पवनार, सेलू, मग हिंगणी आणि पुढे धरण. एका बाजूचं अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास, म्हणून सेलूला एखादीच्या घरी रात्री मुक्काम करावा आणि पहाटे निघावं. आपला जिल्हा सपाट, काळ्या मातीचा, असं आपण धरून चालतो. उत्तरेला मात्र सातपुड्याचे फाटे उतरलेले आहेत, पार गरमसूरच्या डोंगरापर्यंत. हिंगणी सोडली की कापूस-तुरीची वावरं मागे पडतात, जमीन उठायला लागते आणि साग सुरू होतो. फाल्गुनात गेलात तर पळस असा फुललेला असतो की एका चढावर आम्ही सगळ्या न ठरवता थांबलो. चढ लागला की उतरायचं आणि सायकल ढकलायची. त्यात लाज नाही. वर पोचल्यावर खाली निळं पाणी दिसतं आणि मग पायडल न मारता उतार. त्या उतारावर आमच्यातल्या पन्नाशीच्या एका गंभीर बाईने मोठ्याने आरोळी ठोकली. ती म्हणते, असा आवाज आपल्यात आहे हे तिलाच माहीत नव्हतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. बोर हे १९७० पासून अभयारण्य आहे आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. जंगलाच्या आत सायकल नेता येत नाही आणि नेऊ नये. उजाडल्याशिवाय त्या रस्त्याला लागायचं नाही, दिवस कलायच्या आत परत फिरायचं, एकटीने मागे राहायचं नाही. काडी आणि मोह वेचायला जाणाऱ्या बायांना हे आपण सांगायची गरज नाही. त्यांच्याकडून आपण शिकायचं आहे.

आता या बायांचंच सांगते. हिंगणीकडच्या एका गावात आम्ही पाणी प्यायला थांबलो. एक मजूर बाई कापूस वेचून आली होती. आम्ही तिला आमच्या सहलीचं सांगितलं. ती म्हणाली, “आमाले कायचं फिरनं बाई? आमी तं रोजच फिरतो. सकाळी दोन कोस, संध्याकाळी दोन कोस. एक दिवस कोनी बसू देल्लं तं बरं होईन.” आम्ही गप्प झालो. तिचं खरं होतं. निवृत्तिवेतन घेणाऱ्या बाईचं फिरणं आणि तिचं चालणं एक नाही. ज्या बाईला विश्रांती नाही तिला सहलीचं महत्त्व सांगणं हा उद्धटपणा आहे.

पण तिथेच तिची मुलगी उभी होती. तिचं नाव सांगत नाही. आठवीत असताना तिला सरकारी योजनेतून सायकल मिळाली होती. बारावी झाली, शाळा सुटली आणि सायकल भावाकडे गेली. तो तिला दुधाचे कॅन बांधतो. भावालाही काम आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण सायकल ‘शाळेसाठी’ होती, तिची नव्हतीच. आम्ही तिला विचारलं, धरण पाहिलंस का? धरण तिच्या घरापासून काही किलोमीटरवर आहे. भाऊ दहाव्या वर्षापासून तिथे पोहायला जातो. ती म्हणाली, “नाई. मले कायचं काम तिकडं?”

पुढच्या वेळी एक जास्तीची सायकल सेलूपर्यंत एसटीच्या टपावर टाकून नेली. ती आली. सुरुवातीला मी सांगितलेली अठरा वर्षांची, ती हीच. ती धरणाच्या भिंतीजवळ बराच वेळ उभी राहिली. बोलली काही नाही. संध्याकाळी घरी बाप विचारायला लागला, कोणाला विचारून गेली, काय काम होतं? तेव्हा तिची आई म्हणाली, “माह्या संगं गेली होती.” आई तर दिवसभर वावरात होती! खोटं बोलून तिने मुलीला वाचवलं. आम्हाला हे कळलं तेव्हा आनंद झाला आणि वाईटही वाटलं. मुलीच्या एका दिवसाच्या फिरण्यासाठी आईला खोटं बोलावं लागतं. त्याच्या पुढच्या खेपेला मात्र ती खरंच आली. एका दिवसाची मजुरी बुडवून, मुलीच्या मागे कॅरिअरवर बसून. उतरली आणि म्हणाली, “कंबर गेली माही. पन पानी मोठं हाये.”

सायकलने काय होतं हे नवीन नाही. तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेने सायकल शिकणं हे मोहिमेचंच काम मानलं. शीला राणी चुंकत तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. हजारो खेड्यातल्या बाया शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी दांडीच्या घेतल्या आणि दांडीवर पोर बसवलं. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. त्यावरच्या अभ्यासात दिसलं की माध्यमिक शाळेत वेळेवर दाखल होणाऱ्या मुली जवळजवळ एक तृतीयांशाने वाढल्या. हे मोठंच आहे. पण माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. शाळेसाठी चालते, मजुरीसाठी चालते, मग तिच्या स्वतःसाठी का चालत नाही?

आणि रस्ते कोणासाठी बनतात? डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला. तो आपल्याच जिल्ह्यातून, आपल्याच वावरांतून जातो. त्यावर सायकलला बंदी आहे, दुचाकीलाही. वेगाच्या रस्त्यावर ती बंदी समजू शकते. पण त्याच्या शेजारच्या गावरस्त्याला खड्डे आहेत, दिवे नाहीत आणि सेलूपासून धरणापर्यंत बाईला बसता येईल अशी स्वच्छ मुतारी आम्हाला सापडली नाही. पाळीच्या दिवसांत निघालेल्या मुलीने काय करायचं? आम्ही दोन जणी ओढणी धरून उभ्या राहिलो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. मुलीला दिलेली सायकल बारावीनंतरही तिचीच, हे गावसभेत बोललं जावं आणि गटांनी त्यावर लक्ष ठेवावं. गावरस्त्यांच्या कडा भरून घ्याव्यात. प्रत्येक मोठ्या थांब्यावर बायांची मुतारी असावी आणि ती उघडी असावी. सरकारची वाट न पाहता आपल्या हातात आहे ते असं, की प्रत्येक गटाने दोन सायकली ठेवाव्यात, सोबत हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान. पंक्चर काढायला मी शिकवते. शेतमजूर मैत्रिणी येणार असतील तर त्यांच्या दिवसाच्या मजुरीची व्यवस्था गटाने करावी. नाहीतर ही सहल पगारदार बायांचीच राहील.

पुढची सहल कोजागिरीनंतरच्या पहिल्या रविवारी, पवनारचीच, म्हणजे सगळ्यांना झेपेल. सकाळी सहाला बजाज चौकात जमायचं. टोपी, पाणी, भाकरी आणायची. ज्यांना सायकल येत नाही त्यांनी आदल्या आठवड्यात संध्याकाळी माझ्याकडे यावं. माझ्याकडे दांडीची आणि बिनदांडीची अशा दोन्ही आहेत.

घरी कोणी विचारलं, काय काम आहे, तर सांगा, काही नाही. एकदा सांगून पाहा, काय होतं ते. आणि जे होईल ते पुढच्या बैठकीत इथे येऊन सांगा.