सिबिल बघायला पैसे लागत नाहीत

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवात आठवणी सांगायच्या असतात, आणि त्या रंगवून सांगणारे इथे पुष्कळ बसलेत. मी बँकेत नोकरी केलेला माणूस. समितीने मला कामाचंच बोलायला सांगितलंय, म्हणून सिबिलवर बोलतो. योगायोग असा की आपली संस्था नोंदली गेली त्याच साली, २००० मध्ये, मुंबईत ही कंपनी स्थापन झाली. दोघंही पंचविशीचे. आपल्या संस्थेचं दप्तर सभासद हक्काने मागून बघतो. तिकडे मात्र आपल्या नावाचं दप्तर आहे, हेच पुष्कळांना कर्ज नाकारल्यावर कळतं.

आपण तेरचे, म्हणून एक गोष्ट आठवते. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचं डोकं ठोकून बघितलं आणि नामदेव कच्चं मडकं ठरले, अशी कथा आहे. नामदेवांना निदान समोर बसवून थापटलं होतं. कोणी थापटलं, कशासाठी, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. आपल्याला परस्पर थापटतात, आणि ३०० ते ९०० मधला एक आकडा चिकटवतात. तो आकडा कशावरून आला, हे बघायचा हक्क मात्र आपल्याला आहे. तो फुकट आहे.

फुकट म्हणजे अगदी फुकट. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश काढला आणि जानेवारी २०१७ पासून प्रत्येक माणसाला दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण अहवाल, गुणांकासकट, मोफत द्यायचं बंधन घातलं. आणि कंपन्या एक नव्हे, चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींकडून एकेक घेतला तर वर्षात चार होतात. मी दर तीन महिन्यांनी एकीचा काढतो. एक पैसा जात नाही. आपला अहवाल आपणच बघितल्याने गुण कमी होतात ही अफवा आहे. तसं होत नाही.

मग लोक पैसे का भरतात? संकेतस्थळ उघडलं की आधी विकतच्या योजना दिसतात. सिबिलचे महिन्याला ५५०, सहा महिन्यांना ८००, वर्षाला १२०० असे दर मी स्वतः बघितलेत. वारंवार बघायचं असेल त्याने ते जरूर घ्यावेत, त्यात फसवणूक नाही. पण वर्षाचा मोफत अहवाल हवा असेल तर तीच खिडकी शोधायची. आपल्याकडे एकाने ऑनलाइन कामं करणाऱ्या दुकानात पाचशे रुपये दिले आणि हातात आली दोन पानांची प्रिंट! मोबाइलवरची काही ॲपं फुकट आकडा दाखवतात, पण बदल्यात तुमची माहिती वापरायची परवानगी घेतात. मग दिवसभर कर्ज घ्या म्हणून फोन.

आता अहवालात काय असतं? तुमच्या ठेवी नसतात, सातबारा नसतो. असतात ती कर्जं: पीककर्ज, सोनेतारण, मोबाइलचा हप्ता, बचत गटातून घेतलेलं सुद्धा असू शकतं. प्रत्येक हप्ता किती दिवस उशिरा गेला, हे महिन्यावार असतं. तडजोड करून कर्ज मिटवलं असेल तर ‘सेटल्ड’ असा शेरा असतो. आपण म्हणतो मिटलं; पुढची बँक म्हणते पूर्ण फेडलं नाही. शेवटी कोणाकोणी तुमची चौकशी केली, ती यादी. थापटणारे कोण ते तिथे कळतं.

आणि जामिनकी. हा आपल्या भागातला खरा मुद्दा. शहरातला माणूस जामीन राहायला चटकन तयार होत नाही, आपण चहा संपायच्या आत सही करतो. ज्याला जामीन राहिलात त्याचं कर्जही तुमच्या अहवालात येतं. मी भाच्याच्या ट्रॅक्टरला जामीन आहे आणि उद्या पुन्हा राहीन, नात्यात तेवढं लागतंच. पण एका अहवालात त्याचा हप्ता साठ दिवस थकलेला दिसला. उसाचं बिल आलेलं नव्हतं आणि मामाला सांगायला पोरगं लाजत होतं. बँकेच्या आधी माझा फोन गेला. दोघांनी मिळून भरला. वसुलीची नोटीस घरी आल्यावर कळलं असतं, तर बहिणीकडे जाणं-येणं अवघड झालं असतं.

दुसरी हकिगत आपल्याच संस्थेतल्या एका ताईंची, त्यांची परवानगी घेऊन सांगतो. घराचं कर्ज त्यांनी पै न् पै फेडलं, बेबाकी दाखला पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला. मुलीच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून सही केली, तर अहवालात जुनं कर्ज अजून बाकी! बँकेने बंद झाल्याचं कळवलंच नव्हतं. बाईंनी उभ्या आयुष्यात कोणाचा रुपया बुडवलेला नाही, त्यांना काउंटरवर सगळ्यांसमोर ‘थकबाकीदार’ ऐकावं लागलं. आम्ही कंपनीकडे ऑनलाइन तक्रार केली, दाखला जोडला, बँकेलाही लेखी दिलं. महिन्याच्या आत नोंद दुरुस्त झाली. तोवर प्रवेशाची तारीख आली होती. पहिली फी पाटल्या गहाण ठेवून भरली. हाच अहवाल त्यांनी वर्षभर आधी फुकट बघितला असता तर पाटल्या हातातच राहिल्या असत्या. यात त्यांना बोल लावायचा नाही. असं काही बघायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून तर मी आज उभा आहे.

दुरुस्तीलाही पैसे लागत नाहीत. चूक असेल तर कंपनी बँकेला विचारते. बँकेने होकार दिल्याशिवाय तिला नोंद बदलता येत नाही, म्हणून दोन्हीकडे अर्ज करायचा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पाच-दहा हजारांत सिबिल वाढवून देतो म्हणणारा भेटला तर त्याला पाणी पाजा आणि वाटेला लावा. खरी थकबाकी कोणाला पुसता येत नाही.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी संस्थेच्या कार्यालयात बसणार आहे. पॅन कार्ड आणा, बँकेत नोंदवलेला नंबर ज्या मोबाइलमध्ये आहे तो आणा. ओटीपी तुमचा तुम्हीच टाकायचा, मला सुद्धा सांगायचा नाही. जुने बेबाकी दाखले पेटीतून काढून ठेवा. आणि चष्मा विसरू नका, अक्षर फार बारीक असतं.