मुलांच्या इतिहासालाही रीत हवी

गणितात उत्तर बरोबर असूनही रीत लिहिली नाही म्हणून गुण कापले, तर कुणी भांडायला जात नाही. मुलांसाठीची इतिहासाची पुस्तकं मात्र नुसती उत्तरं छापतात. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. झालं, पान उलटा! हे ठरलं कशावरून? खरी गंमत तर तिथेच आहे. बखरींतल्या तिथी आपसांत जुळत नव्हत्या. वर्षानुवर्षं १६२७ साल चालत होतं. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली, म्हणजे घटनांची सालवार टिपणं, प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. पण एकाच कागदावर भिस्त कशी ठेवायची? शकावल्यांतही चुका असतात. पुढे तंजावरला ‘शिवभारत’ हाती लागलं. कवींद्र परमानंदांनी ते महाराजांच्या हयातीत रचलेलं, आणि त्यातही तीच तिथी! एक साक्षीदार देशमुखांच्या दप्तरातला, दुसरा कवी. ही झाली रीत. दहा वर्षांच्या मुलाला न कळण्यासारखं यात काय आहे?

कुणी म्हणेल, अशानं मुलं गोंधळतील, त्यांना गोष्टच हवी. अहो, चोर कोण हे शेवटपर्यंत न सांगणारी पुस्तकं हीच मुलं जेवणाच्या ताटावर वाचतात! ही तपासाचीच गोष्ट आहे. दुसरी भीती श्रद्धेची. साल बदललं म्हणून महाराजांच्या थोरवीत काय उणं झालं? उलट, ज्याला रीत ठाऊक आहे तो मोबाइलवर आलेल्या ‘खऱ्या इतिहासा’ला आधी विचारील, कशावरून? म्हणून म्हणतो, वहीत उजवीकडे कच्च्या कामाला समास सोडतात ना, तसा समास या पुस्तकांत हवा. हे कुणी लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी, कुणाच्या पदरी राहून? सभासदाची बखर १६९७ ची, म्हणजे आग्र्याहून सुटकेनंतर एकतीस वर्षांनी लिहिलेली. एवढी एक ओळ समासात छापली, तर पेटाऱ्यांतून निसटल्याची गोष्ट मुलं अधिकच कान देऊन ऐकतील. आणि जिथे पुरावा तोकडा, तिथे लेखकानं ‘बहुधा’ म्हणावं. मुलांसमोर ‘बहुधा’ म्हणायला आपल्या लेखकांना इतका संकोच का वाटतो, कोण जाणे.

चित्रांचं तर राहिलंच. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचं अस्सल चित्र पुढे आणलं. त्याआधी भलत्याचंच चित्र महाराजांचं म्हणून चालत होतं. ते कसं ओळखलं, हे एकाही बालपुस्तकात... पण वेळ संपल्याचा दिवा लागला आहे.