टाईट एंड: ना इकडचा ना तिकडचा, तरी टीमला हवाच

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

हेडफोन लावलेत ना? चला मग.

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झालाय. नोट आलीय जालना जिल्ह्यातून, परतूर तालुक्यातल्या आष्टीहून. आपला एक श्रोता, गावच्या टीममध्ये कबड्डी खेळतो. तो म्हणतो, "दादा, ती टेलर स्विफ्ट आहे ना, तिचं ज्याच्याशी ठरलंय तो ट्रॅव्हिस केल्सी नेमका खेळतो काय? रील्समध्ये कधी तो बॉल घेऊन पळतो, कधी नुसता कुणाला तरी ढकलत असतो. त्याचं काम काय?" आणि मग शेवटी हळूच म्हणतो, "मी पण असाच आहे. कव्हरला खेळतो, गरज पडली की रेड मारतो. सगळे म्हणतात, एक काहीतरी धर. नाहीतर सिलेक्शनला कुणी विचारणार नाही."

खरा प्रश्न हा दुसरा आहे, बरं का. पण त्याचं उत्तर पहिल्यात लपलंय. म्हणून आधी केल्सी.

तर अमेरिकन फुटबॉल. मैदान १०० यार्डांचं. ज्यांच्याकडे बॉल आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले की पुन्हा चार प्रयत्न. असं करत करत समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचलं की टचडाऊन. एवढं कळलं तरी मॅच बघता येते.

बॉलवाल्या बाजूला अकरा जण. मधोमध क्वार्टरबॅक, सगळी सूत्रं त्याच्या हातात. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे. त्यांचं काम एकच, समोरून येणाऱ्याला अडवायचं. पुढे फेकलेला बॉल झेलायची त्यांना साधारणपणे परवानगीच नसते! आणि पार कडेला चपळ पोरं उभी असतात, वाइड रिसीव्हर. त्यांनी पळायचं आणि झेलायचं. टीव्हीवर नाव त्यांचं.

आता या भिंतीच्या टोकाला, शेवटच्या गड्याला अगदी चिकटून, आणखी एक जण उभा राहतो. चिकटून उभा, म्हणून टाईट. टोकाला, म्हणून एंड. हाच टाईट एंड.

याची गंमत काय, तर याला दोन्ही कामं. प्लॅन पळायचा असेल तर हा भिंतीचा सहावा गडी. समोरच्या शंभर-सव्वाशे किलोच्या माणसाला खांद्याने रेटून मागच्या पळणाऱ्यासाठी वाट मोकळी करतो. प्लॅन फेकायचा असेल तर हाच भिंतीतून सुटतो, पुढे जातो आणि बॉल झेलतो. आणि खरी मजा तिसरी आहे. आधी एक-दोन क्षण अडवायचं सोंग करायचं, समोरच्याला वाटतं आता पळणार, तो पुढे धावतो, आणि हा गुपचूप त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत जाऊन उभा! बॉल थेट हातात.

आता बचाव करणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. याच्यावर लक्ष ठेवायला कुणाला पाठवणार? ताकदवान लाइनबॅकर पाठवला, तर तो पळण्यात मागे पडतो. चपळ, छोटा गडी पाठवला, तर हा त्याला उंचीवर मारतो. केल्सी ६ फूट ५ इंच, वजन ११३ किलोच्या आसपास. म्हणजे हा मैदानात आला की समोरच्या कोचला आधीच डोकेदुखी. प्लॅन काय आहे, ते याच्याकडे बघून कळतच नाही.

नियमसुद्धा बारीक आहे. भिंतीच्या ओळीत किमान सात जण लागतात, आणि त्यातल्या फक्त दोन टोकांच्या खेळाडूंना झेलायचा हक्क. म्हणजे टाईट एंडच्या बाहेरच्या बाजूला त्याच ओळीत दुसरा कुणी येऊन उभा राहिला, तर टाईट एंडचा हक्क त्या वेळेपुरता गेला. एका पावलाचा फरक! कुठे उभं राहायचं, यातच अर्धा खेळ.

पूर्वी या माणसाकडे 'अडवणारा' म्हणूनच बघायचे. १९६१ मध्ये शिकागो बेअर्समध्ये माइक डिट्का आला. पहिल्याच सीझनला ५६ झेल, हजाराच्या वर यार्ड, १२ टचडाऊन. लोकांना कळलं, अरे, हा अडवणारा गडी बॉल पण आणू शकतो. तरी हॉल ऑफ फेममध्ये जायला त्याला १९८८ उजाडलं. आणि तो तिथे पोचलेला पहिला टाईट एंड होता. बघा, कौतुक किती उशिरा येतं.

आता कबड्डीकडे येऊ. आपल्या आष्टीच्या भावाला हे सगळं ओळखीचं वाटलं असेल. रेडर आला. कॉर्नरवाल्याने घोटा धरला. पण नुसत्या घोट्यावर तगडा रेडर थांबतो का? ओढत ओढत नेतो तो मध्यरेषेपर्यंत. तेवढ्यात कव्हर मधे येतो, छातीने ब्लॉक करतो किंवा धडक देऊन बाहेर काढतो. पकड झाली. स्कोअरशीटवर मुख्य पकड ज्याची त्याचं नाव. साथ देणाऱ्याचं काय? प्रो कबड्डीत त्याची 'असिस्ट' म्हणून नोंद होते. गावच्या स्पर्धेत तेवढीही नाही. टाळ्या घोटेवाल्याला, धूळ कव्हरच्या तोंडात.

टाईट एंडचं तेच. त्याने अडवलं म्हणून मागचा गडी वीस यार्ड पळाला, तरी यार्ड पळणाऱ्याच्या नावावर.

आणि हे फक्त कौतुकापुरतं नाही, पैशापुरतं पण आहे. एक किस्सा ऐका. २०१४. न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा जिमी ग्रॅहम. टीमने त्याला एका वर्षासाठी थांबवून ठेवायचं ठरवलं. अशा वेळी पगार जागेनुसार ठरतो. टाईट एंड असेल तर साधारण ७० लाख डॉलर. वाइड रिसीव्हर असेल तर साधारण १ कोटी २३ लाख डॉलर. ग्रॅहम म्हणाला, मी बहुतेक वेळा भिंतीपासून लांबच उभा असतो, रिसीव्हरचंच काम करतो, तर मला रिसीव्हरचा पगार द्या. प्रकरण लवादापुढे गेलं. निकाल काय? तू टाईट एंडच. भिंतीपासून चार यार्डांच्या आत उभा राहिलास तरी ती टाईट एंडचीच जागा. आणि पुराव्यात काय काय आलं माहितेय? त्याचं स्वतःचं ट्विटर प्रोफाइल! तिथे त्यानेच स्वतःला टाईट एंड लिहिलं होतं. (हसतो) म्हणून सांगतो, बायो लिहिताना विचार करा.

नंतर त्याने त्याच टीमशी चार वर्षांचा ४ कोटी डॉलरचा करार केला, तो भाग वेगळा. पण मुद्दा कळला ना? दोन कामं करणाऱ्याला जग कमी किमतीच्या खोक्यात टाकायला बघतं. तुला "एक काहीतरी धर" म्हणतात, त्यामागे हेच आहे. निवड करणाऱ्याला खोकं हवं असतं.

मग एक धरायचं का? मला विचारशील तर, घाई नको. अँटोनियो गेट्सचं बघ. हा पोरगा कॉलेजला फुटबॉल खेळलाच नाही! केंट स्टेटला बास्केटबॉल खेळायचा. २००३ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नाही. सॅन डिएगो चार्जर्सने तसाच करारावर घेतला. बास्केटबॉलमध्ये अंगाने माणूस मागे ठेवून बॉल मिळवायची सवय होती, तीच इथे कामाला आली. ११६ टचडाऊन, टाईट एंडमध्ये सगळ्यात जास्त. २०२५ ला हॉल ऑफ फेम.

आणि अमेरिकेपर्यंत कशाला जायचं. १ मार्च २०२४, हैदराबाद. प्रो कबड्डीच्या दहाव्या सीझनची फायनल. पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवलं आणि पहिल्यांदा ट्रॉफी आणली. कॅप्टन कोण? अस्लम इनामदार, आपला महाराष्ट्राचा, आणि अष्टपैलू. रेड पण, पकड पण. त्याच टीममध्ये इराणचा मोहम्मदरेझा शादलूई, तोही लिलावात अष्टपैलूंच्या यादीतला, २ कोटी ३५ लाखांना घेतलेला. म्हणजे दोन कामं येणाऱ्याला पण भाव आहे. पण एक अट आहे: दोन्ही कामं अर्धवट नकोत. केल्सीने नुसतं झेललं आणि अडवताना अंग चोरलं, तर समोरच्याला प्लॅन लगेच कळतो. मग त्याचा उपयोगच संपला.

म्हणून आष्टीच्या भावा, माझं ऐकशील तर तीन गोष्टी. एक, कव्हर हे तुझं पहिलं काम, ते पक्कं कर. सिलेक्शनला नाव सांगताना "कव्हर, आणि डू-ऑर-डाय रेड" असं स्पष्ट सांग. दोन रिकाम्या रेड झाल्यावर तिसरीला पॉइंट आणावाच लागतो, तेव्हा मुख्य रेडर बाहेर बसलेला असेल तर कोचला तूच आठवला पाहिजेस. दोन, तुझ्या असिस्ट कुणी मोजत नाही ना? तू मोज. मॅच मोबाईलवर शूट करायला सांग मित्राला, आणि रात्री बसून वहीत लिही: किती पकडीत साथ दिली, किती वेळा उशीर झाला. उशीर पण लिही, बरं का. आणि तीन, तुझ्या कॉर्नरवाल्याशी रोज बोल. कव्हर एकटा काहीच नसतो.

फुटबॉल बघायचाय? सुपर बाउल फेब्रुवारीत असतो, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला. बघायला बसलात तर पहिली दहा मिनिटं बॉलकडे बघूच नका. भिंतीच्या टोकाच्या गड्याकडे बघा.

आणि उद्या संध्याकाळी गावात कबड्डी असेल, तर रेडरसोबत कव्हरचं पण नाव घेऊन ओरडा. एकदा तरी. त्याला ऐकू जातं.

तुमच्या व्हॉइस नोट्स येऊ द्या. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!