३१ फेब्रुवारीचा बंदोबस्त



३१ फेब्रुवारी कोणत्याही कॅलेंडरात सापडत नाही. सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये मात्र ती सहज घुसू शकते. दिवस, महिना आणि वर्ष असे तीन आकडे स्ट्रक्चरमध्ये ठेवले, की कोणतंही फंक्शन त्यांत ढवळाढवळ करू शकतं. मग चूक नेमकी कुठे झाली, हे हजारो ओळींमध्ये धुंडाळत बसायचं!

क्लास म्हणजे आकडे आणि त्यांवर काम करणारी फंक्शनं एकत्र बांधणारा साचा. त्यात हेच आकडे ‘प्रायव्हेट’ करता येतात. त्यांना हात लावायचा तो मुख्यतः क्लासच्या मेंबर फंक्शनांनी. ‘एक दिवस पुढे’ हे असंच एक फंक्शन. २८ फेब्रुवारीनंतर २९ तारीख येणार की १ मार्च, हे ते वर्ष पाहून ठरवतं. १९०० लीप वर्ष नव्हतं, २००० होतं. हा नियम एकाच ठिकाणी लिहिलेला असतो.

प्रोग्रॅममध्ये हजार तारखा असल्या, तरी या फंक्शनच्या हजार प्रती नसतात. आकडे प्रत्येक ऑब्जेक्टचे, म्हणजे क्लासच्या साच्यातून बनलेल्या प्रत्येक तारखेचे वेगळे, फंक्शन सगळ्यांना मिळून एक. मग कोणत्या तारखेवर काम करायचं, हे त्याला कळतं कसं? कंपायलर त्या ऑब्जेक्टचा पत्ता गुपचूप फंक्शनकडे पोचवतो. सी प्लस प्लसमध्ये त्याला ‘धिस’ म्हणतात. पायथनमध्ये लपवाछपवी नाही: तिथे ‘सेल्फ’ हे पहिलं पॅरामीटर प्रोग्रॅमरच लिहितो.

क्लासची ही कल्पना नॉर्वेतली. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी १९६७च्या सुमारास सिम्युला ६७ ही भाषा घडवली, आणि क्लास व ऑब्जेक्ट तिच्यातून पुढे आले. डेन्मार्कचे ब्यार्ने स्ट्रॉउस्ट्रुप केंब्रिजमध्ये पीएच.डी. करताना ती वापरत होते. मांडणी त्यांना आवडली, वेग नाही. म्हणून १९७९मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये त्यांनी सी भाषेलाच क्लास जोडायला घेतले. १९८३मध्ये त्या भाषेचं नाव सी प्लस प्लस झालं.

तरीही दिसेल ते फंक्शन क्लासमध्ये कोंबू नये, असं स्ट्रॉउस्ट्रुप सांगतात. आतल्या आकड्यांची थेट गरज असेल, तेच मेंबर करावं. ‘पुढचा रविवार’ काढणारं फंक्शन बाहेर राहू शकतं. ‘वार कोणता’ आणि ‘एक दिवस पुढे’ या मेंबर फंक्शनांवर त्याचं भागतं. उद्या तीन आकड्यांऐवजी दिवसांची एकच मोजणी ठेवायची ठरली, तर मेंबर फंक्शनं नव्यानं लिहावी लागतील. रविवार शोधणाऱ्या फंक्शनची एक ओळही बदलावी लागणार नाही.